वाचकांचे प्रश्न : शिवार राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे?

मागील अंकात ग्रामीण भागातील जमीनवापरावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात एक विधान होते : किती हेक्टर जमीन गेली एवढ्यावरून शेतीचे नुकसान मोजता येत नाही, उरलेली जमीन कसण्याजोगी राहिली की नाही हेही पाहावे लागते. या विधानावर बरीच पत्रे आली. काहींनी त्याला दुजोरा दिला, काहींनी चांगलेच फैलावर घेतले. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रमुख प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : शेतजमीन बिगरशेतीकडे वळू न देणे एवढे पुरेसे नाही का? शिवाराचे रूप वगैरे गोष्टी बाहेरून चार दिवसांसाठी येणाऱ्यांच्या डोळ्यांच्या असतात. शेतकऱ्याला त्यांचे काय? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : पाहणाऱ्याला बरे दिसते म्हणून शेतकऱ्याने आपले रान जसेच्या तसे ठेवावे, असे कोणी म्हणत असेल तर आपला आक्षेप मान्यच करावा लागेल. परंतु शिवाराची मांडणी ही मुळात कामातून बसलेली असते. बांध कोठे घातला आहे, पाट कोणाच्या शेतातून निघून कोणाच्या शेतात उतरतो, उताराच्या माथ्यावर झाडी आहे की उघडे माळरान, गुरे कोणत्या वाटेने चरायला जातात, या सगळ्यावर खालच्या शेतातले पीक अवलंबून असते. यातील एक दुवा निखळला की बाकीचे हळूहळू सैल होत जातात, आणि कागदावर मात्र जमीन ‘शेती’ म्हणूनच नोंदलेली राहते.

याचे फार बोलके उदाहरण फिलिपिन्समधील आहे. तेथील कॉर्डिलेरा पर्वतराजीत इफुगाओ समाजाने डोंगरउतारावर कोरलेली भातखाचरे १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतली गेली आणि अवघ्या सहा वर्षांनी, २००१ मध्ये, धोक्यात आलेल्या स्थळांच्या यादीत टाकावी लागली. या खाचरांना माथ्यावरच्या राखीव झाडीतून झिरपणारे पाणी पाटांनी मिळते आणि ते एका खाचरातून पुढच्या खाचरात उतरत जाते. तरुण माणसे कामासाठी बाहेर पडली, पाट साफ करायला आणि ढासळलेला बांध पुन्हा रचायला हात उरले नाहीत, आणि वरचे एक खाचर सुटले की त्याखालच्या खाचरांवरही त्याचा परिणाम होऊ लागला. २०१२ मध्ये हे स्थळ धोक्याच्या यादीतून बाहेर आले, ते पाट आणि बांध यांची दुरुस्ती व स्थानिक पातळीवरचे नियोजन मार्गी लागल्यामुळे. तेव्हा राखायचे ते दृश्य नव्हे, ते दृश्य ज्या कामातून उभे राहते ते काम होय.

आणखी एक गोष्ट आपल्या शंकेच्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. युरोपीय देशांनी २० ऑक्टोबर २००० रोजी फ्लॉरेन्स येथे भूदृश्यांविषयी जो करार स्वाक्षरीसाठी खुला केला आणि जो १ मार्च २००४ पासून अंमलात आला, त्याने केवळ नामांकित, देखण्या प्रदेशांपुरता विचार केलेला नाही. नित्याचे, साधे, इतकेच नव्हे तर बिघडलेले परिसरही त्याच्या कक्षेत येतात, आणि तेथील माणसे त्या परिसराकडे कसे पाहतात याला त्यात व्याख्येतच स्थान आहे. चार दिवसांसाठी येणाऱ्यापेक्षा बारा महिने राहणाऱ्याचे मत त्यात वजनदार ठरते, असे आम्ही समजतो.

प्रश्न : आमच्या गावाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीवर माझी निवड झाली आहे. वस्ती, रस्ते, शाळा यांच्या जागा ठरवताना चर्चा होते. शेतीचा सगळा भाग मात्र नकाशावर एका रंगाने भरून टाकला जातो. त्या रंगाच्या आत काय दाखवावे आणि सुरुवात कोठून करावी? (समितीचा एक सदस्य)

उत्तर : आपण दोष अचूक हेरला आहे. तो एकच एक रंग पाहणाऱ्याला असे सुचवतो की येथे काहीच नाही, म्हणजे पुढेमागे येथे काहीही करता येईल. शेतीचा भाग ही वस्तीसाठी राखून ठेवलेली शिल्लक जमीन नव्हे, हे नकाशानेच सांगितले पाहिजे.

आमचा सल्ला असा की सुरुवात मातीपासून किंवा मालकीपासून न करता पाण्यापासून करावी. चांगला पाऊस पडत असताना समितीतील दोघांतिघांनी छत्र्या घेऊन शिवारात फिरावे. वरून येणारे पाणी कोणत्या शेतात शिरते, कोणत्या बांधाच्या सांडव्यावरून बाहेर पडते, स्वच्छ येणारे पाणी कोठून पुढे गढूळ होते, रस्त्याखालची कोणती मोरी तुंबते आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी किती वेळ साचून राहते, हे जागच्या जागी नकाशावर नोंदवावे. अशी एक फेरी कार्यालयात बसून केलेल्या पुष्कळ कामापेक्षा अधिक शिकवते. त्यानंतर पाणंदी पाहाव्यात : कोणती पाणंद अतिक्रमणाने अरुंद झाली आहे, कापणीचे यंत्र किंवा भरलेली गाडी कोठे अडते, कोणत्या शेताला दुसऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय वाटच नाही. शेत कितीही सुपीक असले तरी तेथे वेळेवर पोहोचता येत नसेल तर ते पडीक पडायला वेळ लागत नाही.

मातीची प्रतवारी त्यानंतर घ्यावी. तिच्या पद्धती देशोदेशी ठरलेल्या आहेत. अमेरिकेत जमिनीचे क्षमतेनुसार आठ वर्ग पाडतात. इंग्लंडमध्ये पाच प्रती असून तिसरीचे पुन्हा अ आणि ब असे दोन भाग आहेत, आणि पहिली, दुसरी व तिसरीतील अ या जमिनी उत्तम समजून विकासाचे प्रस्ताव तपासताना त्यांना अधिक महत्त्व दिले जाते. ही पद्धत उपयोगी आहे, परंतु तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. प्रतवारी एकेका जागेच्या मातीची, हवामानाची आणि उताराची होते. शिवारात ती जागा कोणते काम करते हे तिला दिसत नाही. माथ्यावरचा मुरमाड माळ पिकाच्या दृष्टीने खालच्या प्रतीचा ठरतो, पण पाऊस जिरवून खालच्या विहिरींना पाणी पुरवण्याचे काम तोच करत असतो. ‘हलकी जमीन आहे, तेथे बांधकाम होऊ द्या’ या सोप्या निष्कर्षाने चांगल्या जमिनीचेही पाणी जाते.

एवढी माहिती हाती आली की शिवाराचे पट्टे पाडावेत, आणि ते मालकीच्या रेषांवरून न पाडता कामाच्या स्वरूपावरून पाडावेत : ओढ्याकाठची खोल मातीची शेते, मधला ताली (माती अडवणाऱ्या आडव्या दगडी भिंती) घातलेला उतार, वरचे कुरण, झाडीचा माथा. प्रत्येक पट्ट्यासाठी निदान एक पान तरी लिहावे. येथे आज कोणते काम चालते, ते कशाच्या आधारावर चालते, कशामुळे मोडेल, आणि कोणता बदल चालण्यासारखा आहे, या चार गोष्टी त्यात आल्या म्हणजे पुरे. यातील शेवटची गोष्ट विसरू नये. ज्या आराखड्यात फक्त मनाई असते तो पाळला जात नाही. ओढ्याकाठी भराव चालणार नाही, पण पाणी काढण्याच्या पंपाची खोली जोत्यावर उचलून बांधता येईल. उतारावर आडवा रस्ता चालेल, पण सरळ उताराने खाली येणारा चालणार नाही, कारण पावसात तोच ओहोळ होतो. नियम इतके नेमके असावेत की वाचणाऱ्याला आपल्या शेतात काय करता येईल ते कळावे.

वस्तीची हद्द ठरवणे हा या कामातील सर्वांत कसोटीचा भाग आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७३ च्या कायद्यानंतर प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमा आखणे बंधनकारक केले. पुढील वीस वर्षांच्या गरजेपुरती जागा सीमेच्या आत ठेवायची आणि बाहेरची जमीन शेतीसाठी व वनासाठी राखायची, असे त्याचे सूत्र आहे. लहान गावालाही हे सूत्र लागू करता येते. मात्र सीमेच्या आत खरोखर पुरेशी जागा ठेवावी लागते. लोकांना घर बांधायला जागाच दिली नाही, तर ते शेतात बांधतात आणि मग त्यांना दोष देता येत नाही.

शेतात सुटे सुटे उभे राहणारे घर स्वतःच्या आकारापेक्षा किती जास्त जमीन घेते, याचा हिशेब समितीपुढे मांडावा. समजा, घराखाली २०० चौरस मीटर जागा गेली आणि मुख्य रस्त्यापासून तेथपर्यंत १५० मीटर लांबीचा, चार मीटर रुंदीचा रस्ता करावा लागला. रस्त्यानेच ६०० चौरस मीटर, म्हणजे घराच्या तिप्पट जमीन घेतली. रस्ता भराव घालून उंच केला आणि त्याखाली मोरी ठेवली नाही, तर वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते आणि खालच्या अंगाचे शेत कोरडे राहते. विजेचे खांब येतात, कुंपण येते, आणि काही वर्षांनी फवारणीच्या वासाची व रात्रीच्या यंत्रांच्या आवाजाची तक्रार येते. असे एक घर शिवार सोसते. दहा घरे दहा दिशांना विखुरली की शेतीचा पट्टाच तुटतो, आणि प्रत्येक परवानगी देताना ‘एकाच घराने काय होणार आहे’ हे वाक्य मात्र तितकेच खरे वाटत असते. मोठ्या प्रकल्पाविरुद्ध गाव एकत्र येते. या हप्त्याहप्त्याने होणाऱ्या ऱ्हासाविरुद्ध कोणी सभा घेत नाही. आराखड्याची खरी गरज येथेच आहे.

शेवटी, हे सारे करताना कोणाला विचारले याचीही नोंद ठेवावी. कुळे, शेतमजूर, गुरे राखणारी माणसे, सरपण आणि चारा आणणाऱ्या स्त्रिया यांच्या नावावर बहुधा जमीन नसते आणि म्हणून सभेचे बोलावणे त्यांच्यापर्यंत जात नाही. पण कोणती वाट कधी बंद झाली, कोणत्या झऱ्याचे पाणी कधी आटले, हे त्यांनाच अचूक ठाऊक असते.

प्रश्न : जमीन माझी, कर मी भरतो, पीक बुडाले तर तोटा माझा. मग शिवार सगळ्यांचे म्हणून विकासाची बंधने तेवढी माझ्यावर का? वस्तीच्या हद्दीच्या आत जमीन असलेला शेजारी रातोरात श्रीमंत होतो आणि मी नकाशावरच्या शेतीच्या हिरव्या रंगात अडकतो. (एक शेतकरी)

उत्तर : आपल्या पत्रातील चीड समजण्यासारखी आहे आणि तिला ‘समाजहित’ हा शब्द तोंडावर फेकणे हे उत्तर नव्हे. नकाशावरच्या एका रेषेने एकाच्या जमिनीचे मोल वाढते आणि दुसऱ्याचे थांबते, हे खरे आहे. ज्या ठिकाणी या प्रश्नाकडे काणाडोळा झाला, तेथे रेषा फार काळ टिकल्या नाहीत. दर निवडणुकीला त्या थोड्याथोड्या सरकत गेल्या. ज्यांनी भरपाईचा विचार केला त्यांच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत, आणि त्या सर्व सारख्याच यशस्वी आहेत असे म्हणता येणार नाही.

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्याने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकरांचा शेतीराखीव पट्टा ठरवला. तेथे पूर्वी पाच एकरांमागे एक घर बांधता येत असे. ते प्रमाण पंचवीस एकरांमागे एक घर असे कमी केले गेले. पण मालकाला प्रत्येक पाच एकरांमागे एक विकासहक्क, म्हणजे एक घर बांधण्याचा हक्क, देण्यात आला आणि तो हक्क नेमून दिलेल्या नागरी भागातील बांधकाम व्यावसायिकाला विकण्याची मुभा ठेवली. म्हणजे शेत शेतच राहते, घरे दुसरीकडे अधिक दाटीने होतात, आणि त्या दाटीची किंमत शेतकऱ्याच्या हाती पडते. योजना कागदावर सुरेख आहे. तिचा कमकुवत दुवा असा की हक्क घेणारे गिऱ्हाईक असले तरच तो विकला जातो, आणि जेथे दाटी करायची त्या भागातील रहिवासी तिला विरोध करतात. आपल्या भागात अशी योजना कोणी आणू पाहत असेल तर हक्क विकत घेणारा पट्टा कोणता, हा पहिला प्रश्न विचारावा.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने दुसरा मार्ग घेतला. डिसेंबर १९७२ मध्ये शेतजमिनींच्या तुकडेपाडणीला तात्पुरती स्थगिती देऊन १९७३ च्या कायद्याने प्रांतव्यापी राखीव शेतीक्षेत्र ठरवले, जे आज सुमारे ४६ लाख हेक्टर आहे. विकासहक्कांची थेट भरपाई देण्यात आली नाही. तिच्याऐवजी त्याच सुमारास शेतीउत्पन्नाच्या हमीची योजना सुरू केली गेली. यामागचा विचार आम्हाला महत्त्वाचा वाटतो : शेतकऱ्याला जमीन शेतीखालीच ठेवायला सांगत असाल तर ती शेती परवडेल अशी व्यवस्थाही तुम्हीच केली पाहिजे. ती हमीची योजना पुढे टिकली नाही आणि राखीव क्षेत्र टिकले, यावरून शेतकऱ्यांच्या मनात काय राहिले असेल याची कल्पना करता येते.

तिसरा मार्ग शेताबाहेर जाणाऱ्या लाभाचा मोबदला देण्याचा. स्वित्झर्लंडने १९९६ मध्ये सार्वमताने आपल्या घटनेत असे कलम घातले की शेतीने अन्नपुरवठ्याबरोबरच नैसर्गिक साधनांची आणि भूदृश्याची निगा राखावी, आणि त्या कामासाठी शेतकऱ्याला थेट रक्कम दिली जाते. जपानने २००० पासून डोंगराळ भागातील शेतांसाठी अशीच रक्कम सुरू केली, पण ती एकेकट्याला न देता वाडीतील शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या पाच वर्षांच्या करारावर दिली. करारात शेते कसत ठेवणे, पाट आणि वाटा यांची देखभाल करणे ही कामे लिहिलेली असतात आणि रकमेचा एक भाग सामाईक कामांसाठी वापरता येतो. आम्हाला स्वतःला ही पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण पाट एकट्याने राखता येत नाही. फक्त वयोमान वाढत चाललेल्या वाड्यांत पाच वर्षांची हमी द्यायलाच माणसे कचरतात, ही अडचण तेथेही आहे.

तेव्हा आपण बंधनाला सरसकट विरोध करण्यापेक्षा बंधनाबरोबर काय येणार आहे, ते लेखी मागावे, आणि ते किती वर्षांसाठी आहे हेही विचारावे. बंधन कायमचे आणि मोबदला दोन वर्षांचा, असा सौदा करू नये.

प्रश्न : शेजारच्या चार लहान शेतांचे बांध काढून एक मोठे शेत केले तर यंत्राने काम सोपे होते. बांधावरची झाडेही सावली धरतात. बांध राखण्याचा आग्रह हा जुन्याचा मोह नव्हे काय? (शेतीविषयाचा पदवीधर)

उत्तर : काही बांध काढल्याने काही बिघडत नाही, हे प्रथमच मान्य करू. सपाट जमिनीत वाटण्यांमुळे पडलेला, उताराशी संबंध नसलेला बांध आणि उताराला आडवा घातलेला बांध यांत भेद केला पाहिजे. आडवा बांध उताराची लांबी तोडतो. पाणी जितके लांब अंतर विनाअडथळा धावते तितके ते एकत्र येऊन जोर धरते आणि माती घेऊन जाते. म्हणून चार शेतांचे एक केले की पाऊस तेवढाच पडूनही खालच्या टोकाला येणारा लोंढा निराळा असतो. सावलीचे म्हणणेही अर्धे खरे आहे. झाडाच्या अगदी लगतच्या ओळींत पीक कमी येते, पण वाऱ्याच्या मार्गात आडवी असलेली झाडांची रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कमी प्रमाणात त्याहूनही पुढे, वाऱ्याचा वेग उतरवते. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी मैदानी प्रदेशातील माती उडवून नेली, तेव्हा १९३४ मध्ये योजना जाहीर करून १९४२ पर्यंत नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे २२ कोटी झाडांच्या रांगा लावाव्या लागल्या. नांगरटीच्या उत्साहात उघडे केलेले रान पुन्हा झाकायला सरकारी तिजोरी लागली.

पश्चिम फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचे एकत्रीकरण करताना मातीचे उंच बांध आणि त्यांवरची झुडपी कुंपणे मोठ्या प्रमाणावर काढली गेली; पुढे त्याच प्रदेशात ती पुन्हा लावण्यासाठी अनुदाने द्यावी लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ च्या नियमांनुसार वीस मीटर किंवा त्याहून लांब असे झुडपी शेतकुंपण काढण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाला कळवावे लागते, प्राधिकरणाला निर्णयासाठी ४२ दिवस मिळतात, आणि कुंपण किमान तीस वर्षांचे असून ठरावीक निकषांत बसत असेल तर ते काढण्यास मनाई करता येते. येथे ‘सर्व कुंपणे पवित्र’ अशी भूमिका नाही. काढण्यापूर्वी पाहा, एवढेच आहे.

एकत्रीकरणाला पर्याय नाही अशी स्थिती असेल तर ते करावे, पण बांधांची यादी करून. जर्मनीत जमीन एकत्रीकरणाच्या १९५३ च्या कायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन निसर्ग आणि भूदृश्य यांची जपणूक हाही त्या प्रक्रियेचा भाग झाला. शेतांची अदलाबदल होत असतानाच ओढ्याकाठची पट्टी सामाईक ठेवून घेणे सोपे जाते. नंतर तीच पट्टी मिळवायची म्हटले की दहा मालकांची संमती लागते.

प्रश्न : शेतात सौर पॅनेल लावू द्यावीत का? (अनेक वाचक)

उत्तर : आधी इमारतींची छपरे, वाहनतळ, पडीक खाणी आणि नापीक जागा, आणि त्यानंतर शेत, हा क्रम आम्ही योग्य समजतो. शेतात लावायचीच असतील तर त्यांखाली पीक निघत राहील अशा रीतीने उंचावर आणि अंतर सोडून लावावीत. ही कल्पना १९८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत मांडली गेली. जपानने २०१३ मध्ये तिला परवानगी देताना घातलेल्या अटी अनुकरणीय आहेत : खांब सहज काढता येण्याजोगे असावेत, खालच्या पिकाचे उत्पादन परिसरातील सरासरीच्या ऐंशी टक्क्यांखाली जाऊ नये, परवानगी मुदतीची असावी आणि उत्पादनाचा अहवाल दरवर्षी द्यावा. ऐंशी टक्क्यांची अट नसेल तर पॅनेलांखालची ‘शेती’ छायाचित्रापुरती उरते. करारपत्रात मुदत संपल्यावर पॅनेल आणि पाया कोण काढणार, त्याची रक्कम कोठे ठेवलेली आहे, हे लिहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या डोंगराकडच्या बाजूला निम्म्या लोकांनी शेती सोडली आहे. तेथे रान वाढते आहे. ते तसेच निसर्गाला परत द्यावे, असे माझ्या मुलीचे म्हणणे. मला ते पाहवत नाही. कोणाचे बरोबर? (एक वाचक)

उत्तर : दोघांचेही, पण वेगवेगळ्या जागी. सुटलेले शेत आणि सिमेंटखाली गेलेले शेत यांत मोठा फरक आहे. पहिल्यावर झाडे येतात, माती टिकते, बरेचदा सुधारतेही, आणि पुढील पिढीने ठरवले तर ते पुन्हा कसता येते. सिमेंटखाली गेलेल्या मातीची गोष्ट संपते. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात. तेव्हा रान वाढते आहे याचे दुःख फार करू नये.

परंतु दगडी ताली असलेल्या उतारावर मुलीचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येणार नाही. ताल ही माणसाने उभी केलेली भिंत आहे आणि तिची निगा राखली जाईल असे गृहीत धरूनच ती रचलेली असते. इटलीतील चिंक्वे तेर्रे हा समुद्राकाठचा पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचा प्रदेश १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील पुष्कळ शेते विसाव्या शतकात सुटत गेली. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टी झाली तेव्हा उतारावरून आलेल्या चिखल-दगडांनी वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावे भरून टाकली. इतका पाऊस कोणत्याही उताराला जड गेला असता. तरी ढासळू लागलेल्या, निगा सुटलेल्या ताली अशा वेळी खाली येणाऱ्या दगडमातीत भर घालतात.

म्हणून उतार पाहून निवड करावी. ज्या ताली ढासळल्यास खाली घरे, रस्ता किंवा कसलेली शेते येतात, त्या कोणीतरी राखल्याच पाहिजेत, मग त्यांवर पीक घ्या किंवा न घ्या. निदान पाणी बाजूला काढणारे चर साफ ठेवावेत आणि भिंतीच्या सांध्यांत शिरणारी झाडे वेळीच काढावीत, कारण खोड जाड झाले की ते भिंत फोडून बाहेर येते. सौम्य उतारावरची, कोणाच्या डोक्यावर नसलेली शेते खुशाल रान होऊ द्यावीत. कोरड्या हवामानात मात्र एक पथ्य आहे : वस्ती आणि वाढते रान यांच्यामध्ये चराईचा किंवा पिकाचा एक पट्टा राखावा, नाहीतर वणव्याला घरापर्यंत सलग वाट मिळते.

प्रश्न : आराखडा झाला, मंजूर झाला. तो चालतो आहे की नाही, हे खर्चिक यंत्रणेशिवाय कसे कळावे? (एक विद्यार्थी)

उत्तर : शिवारात आठ-दहा जागा निश्चित करून तेथे दगड रोवावेत आणि दरवर्षी ठरावीक आठवड्यात, त्याच दगडावर उभे राहून, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. त्याबरोबर एक वही ठेवावी आणि तीत मोजक्याच गोष्टी लिहाव्यात : या वर्षी किती बांध फुटले व किती दुरुस्त झाले, कोणती पाणंद बंद किंवा खुली झाली, किती शेते पडीक राहिली, वस्तीच्या हद्दीबाहेर किती बांधकामांना परवानगी दिली आणि कोणत्या कारणाने. शेवटची नोंद न चुकता करावी व वर्षातून एकदा गावाच्या सभेत मोठ्याने वाचावी. छायाचित्रांवर तारीख आणि दिशा लिहावी, आणि वहीची एक प्रत आराखडा मंजूर करणाऱ्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी.